मराठी चित्रपट-परिभाषेची घडण : कोल्हापूरच्या चित्रव्यवसायाच्या अनुषंगाने

१

कोणत्याही शास्त्राची अथवा व्यवसायाची परिभाषा हे त्याच्या इतिहासाचे एक साधन असते. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाकडे केवळ शब्दांची यादी म्हणून कोणी पाहत नाही. एका नव्या राज्याने आपल्या कारभाराकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा तो पुरावा मानला जातो. चित्रपटाच्या परिभाषेला मात्र हा मान क्वचितच मिळतो. दिग्दर्शक, संकलन, पटकथा, ध्वनिमुद्रण, पार्श्वसंगीत हे शब्द अभ्यासक्रमात येतात ते बहुधा इंग्रजी संज्ञांचे प्रतिशब्द म्हणून. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी. जणू माल एकच आणि भांडी तेवढी दोन.

या समजुतीने कोल्हापूरच्या बाबतीत विशेष हानी होते. महाराष्ट्र फिल्म कंपनीने येथे निर्माण केलेले बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. त्या काळची नायट्रेटची फीत ज्वालाग्राही आणि अल्पायुषी होती, आणि पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. मूळ कृती नष्ट झाल्यावर इतिहासकाराच्या हाती जाहिराती, भित्तिपत्रके, कार्यक्रमपुस्तिका आणि सहकाऱ्यांच्या आठवणी एवढेच उरते. म्हणजे मुख्यतः शब्द उरतात. ते शब्द कोणाचे, कोणत्या प्रसंगी व कोणासाठी वापरलेले, हे न पाहता त्यांचा अर्थ लावला, तर इतिहासच चुकीचा लिहिला जातो.

कोल्हापूरच्या उदाहरणावरून असे दिसते की, मराठी चित्रपटाची परिभाषा एक नसून किमान तीन आहेत. एक कारखान्यातील कारागिरांची, दुसरी पडद्यावरील नामावलीची, तिसरी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाची. या तिन्हींच्या बाजूला शासनाची अशी एक चौथी भाषा आहे. या भाषा एकमेकींत मिसळतात, पण एकरूप होत नाहीत. त्यांच्यातील अंतर हाच अभ्यासाचा खरा विषय होय.

२

‘चित्रपट’ हा शब्द प्रथम घ्यावा. चालत्या चित्रांशी महाराष्ट्राचा परिचय चित्रपटाच्याही आधीचा आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास काचेवरील चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखविण्याचे खेळ सुरू केले आणि त्यांस ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले. शंबरासुराच्या मायेचा उल्लेख करणारे हे नाव पाहणाऱ्याच्या विस्मयाला नाव देते, यंत्राला नव्हे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी एका कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात आपल्या व्यवसायावर जी लेखमाला लिहिली, तिचे शीर्षक ‘भारतीय चित्रपट’ असे आहे. म्हणजे हा शब्द या अर्थाने त्या वेळी छापील मराठीत आलेला होता.

शब्द मात्र फाळक्यांहून पुष्कळ जुना आहे. संस्कृतात चित्रपट म्हणजे चितारलेले वस्त्र. ‘मुद्राराक्षस’ नाटकात निपुणक हा हेर यमपट घेऊन घरोघर फिरतो; यमलोकीची चित्रे दाखवून लोकांस उपदेश करणाऱ्या भिक्षेकऱ्यांचा वर्ग त्या काळी होता, हे त्यावरून कळते. कोल्हापूरपासून घाट उतरून खाली गेले की कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जतन केलेली चित्रकथीची परंपरा भेटते. तेथे एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगितली जाते. कथा, गायन आणि क्रमाने येणारी चित्रे यांची सांगड या भूमीला नवीन नव्हती.

भारतीय भाषांनी या नव्या कलेला निरनिराळी नावे दिली. इंग्रजीतील ‘फिल्म’ हे नाव द्रव्यावरून, म्हणजे फितीवरील पातळ थरावरून आले आहे. बंगालीतील ‘चलच्चित्र’, हिंदीतील ‘चलचित्र’, कानडीतील ‘चलनचित्र’ ही नावे गतीवरून पडली. मराठीने मात्र ज्यावर चित्र उमटते त्या पटावरून नाव दिले. हा केवळ योगायोग मानता येणार नाही. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात मराठी प्रेक्षकाला रंगविलेल्या पडद्यांची गोडी लागलेली होती; राजवाडा, अरण्य, नदीकाठ ही स्थळे त्याने पडद्यांवर पाहिली होती. नव्या खेळातही तो पडद्यासमोरच बसला. फरक एवढाच की पडद्यावरील चित्र आता हालू लागले. फीत ज्या काळी सर्वत्र होती त्या काळी हा भेद क्षुल्लक वाटला असेल. आज छायांकन व प्रदर्शन संगणकीय साधनांनी होते, फीत जवळजवळ लुप्त झाली आहे आणि ‘फिल्म’ या शब्दाखालचे द्रव्य निघून गेले आहे. ‘पट’ मात्र जागेवर आहे.

३

कोल्हापूरच्या चित्रव्यवसायाचा उगम पडदे रंगविणाऱ्यांच्या कामातच झाला. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे आतेमामे भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. मेस्त्री आणि पेंटर, ही दोन्ही नावे व्यवसायाची. एक सुतारकामाच्या परंपरेतून आलेले, दुसरे इंग्रजीतून येऊन कोल्हापूरच्या पेठांत रुळलेले. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाले. कॅमेरा स्वतः तयार करण्याचा त्यांचा अपुरा राहिलेला प्रयत्न बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास पूर्णत्वास नेला. ज्या काळी परदेशी यंत्र मिळविणे दुष्कर होते, त्या काळी कानस, लेथ आणि भिंग यांच्या ज्ञानावर उभा राहिलेला हा उद्योग होता. त्याची भाषाही तशीच होती : पडदा, चौकट, काच, डबा, रीळ, मोल्ड, सेट. मराठी, हिंदुस्थानी व इंग्रजी शब्दांचे हे मिश्रण कोणी ठरवून केलेले नव्हते. हत्यार ज्या नावाने आले त्याच नावाने राहिले.

महाराष्ट्र फिल्म कंपनीला राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय आणि गायिका तानीबाई कागलकर यांचे भांडवल मिळाले. कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. बाबूरावांना लोकमान्य टिळकांनी ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिल्याचे प्रसिद्ध आहे. ‘चित्रपट’ हा शब्द छापून येऊन दोनतीन वर्षे झाली असताही गौरवाच्या पदवीत ‘सिनेमा’ हाच शब्द राहिला, आणि तो ‘केसरी’ या शब्दाशेजारी बसताना कोणास खटकला नाही, ही गोष्ट त्या काळच्या भाषाव्यवहारावर प्रकाश टाकते. परिभाषेच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न अद्याप उपस्थित व्हावयाचा होता.

‘सैरंध्री’मध्ये स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन अभिनेत्री कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी प्रसिद्ध झाल्या. ‘बाई’चे ‘देवी’ होणे हे नामांतर परिभाषेच्या इतिहासाशी निकटचे संबंधित आहे. चित्रपटात काम करणे कुलीन समजले जात नव्हते अशा काळात पडद्यावर आणि जाहिरातीत जे नाव जाई, त्याला प्रतिष्ठेचे वस्त्र चढविणे आवश्यक वाटे. व्यक्तींच्या नावांबाबत १९२० मध्ये जे घडले तेच पुढे कामांच्या नावांबाबत घडले.

तानीबाईंच्या बाबतीत याच प्रक्रियेची दुसरी बाजू दिसते. आज ज्याला ‘निर्माता’ म्हटले जाते, त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग म्हणजे भांडवल पुरविणे. ते त्यांनी पुरविले. तथापि मराठी चित्रपटाच्या आद्य निर्मात्यांच्या यादीत त्यांचे नाव सहसा येत नाही. कारण ‘निर्माता’ हा शब्द पुढे ज्या अर्थाने रूढ झाला त्यात कंपनीचा धनी आणि कलेचा सूत्रधार हे दोन अर्थ एकत्र आले, आणि नुसते द्रव्य देणारी व्यक्ती त्यातून निसटली. परिभाषा जशी काही गोष्टी दाखविते तशी काही झाकतेही.

४

मूकपटाच्या काळात ‘मूकपट’ हा शब्द असण्याचे कारण नव्हते. सर्वच चित्रपट मुके असताना त्यांचे मुकेपण कोण सांगणार? १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि त्यानंतर वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९३२ मध्ये, कोल्हापुरात तयार झालेला प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मुंबईत लागला. चित्रपट बोलू लागल्यावर नव्या प्रकाराला ‘बोलपट’ आणि जुन्याला ‘मूकपट’ हे नाव मिळाले. म्हणजे ‘सैरंध्री’ अथवा ‘सिंहगड’ यांस मूकपट म्हणणे हे पश्चात्‌दृष्टीचे वर्णन आहे. १९२३ मध्ये ‘सिंहगड’ पाहणारा प्रेक्षक आवाजावाचून काही उणे आहे अशा भावनेने तो पाहत नव्हता. चित्रगृहात वादक असत, दोन प्रसंगांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या येत, साक्षर प्रेक्षक त्या मोठ्याने वाचून शेजाऱ्यांस सांगत. खेळ मुका होता, चित्रगृह नव्हे. ‘मूकपट’ हा शब्द शब्दशः घेतला तर या गजबजलेल्या श्रवणानुभवाचा विसर पडतो.

ध्वनीच्या आगमनाची खूण संस्थांच्या नावांतही उमटली आहे. १९१८ च्या सुमाराची ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ आणि १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर व कुलकर्णी या पाच भागीदारांनी स्थापिलेली ‘प्रभात फिल्म कंपनी’ ही नावे फितीवरून व व्यापारी संघटनेवरून आलेली. १९३३ मध्ये प्रभातने आपले बिऱ्हाड पुण्यास हलविले. त्यानंतर कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या संस्था ‘कोल्हापूर सिनेटोन’, ‘शालिनी सिनेटोन’ अशा नावांच्या आहेत. ‘टोन’ म्हणजे ध्वनी हे त्यांचे भूषण होते. १९३६ मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी ‘हंस पिक्चर्स’ काढली, तेव्हा ध्वनी ही मिरविण्याची वस्तू राहिलेली नव्हती. म्हणून ‘टोन’ गळाला. त्यानंतर ‘नवयुग चित्रपट’ या नावात मराठी शब्द प्रथमस्थानी आला, आणि १९४२ मध्ये शांतारामांच्या ‘राजकमल कलामंदिर’ या नावात चित्रपटाचा उल्लेखही राहिला नाही. कारखान्याचे मंदिर झाले. पंचवीस वर्षांतील ही नामपरंपरा कंपनी, ध्वनी, चित्र आणि कला अशा क्रमाने जाते. व्यवसायाने स्वतःची कल्पना कशी बदलत नेली, याचे इतके संक्षिप्त साधन दुसरे सापडणे कठीण.

५

चौथ्या दशकात भाषाशुद्धीच्या चळवळीने मराठीत जोर धरला. फारसीचे व्यासंगी माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापक होते. त्यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान वि. दा. सावरकर यांनी भूषविले. १९३७ मध्ये स्थानबद्धतेतून मुक्त झाल्यावर सावरकर कोल्हापूरच्या हंस पिक्चर्समध्ये आले आणि तेथील इंग्रजी पाट्यांच्या जागी त्यांनी मराठी शब्द सुचविले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. दिग्दर्शक, संकलन, वेशभूषा, नेपथ्य, बोलपट, चित्रपट अशी शब्दांची एक मालिकाच तिच्यात गोवलेली असते.

या कथेचा विचार दोन्ही बाजूंनी सावधपणे केला पाहिजे. ‘नेपथ्य’ हा शब्द भरतापासून संस्कृत नाट्यशास्त्राचा आहे. ‘चित्रपट’ १९१७ मध्ये फाळक्यांच्या शीर्षकात आहे. अशा शब्दांचे जनकत्व १९३७ नंतरच्या एका भेटीस देता येत नाही. परंतु एवढ्यावरून कथा सर्वस्वी निरर्थक ठरत नाही. शब्द घडविणे आणि शब्द रूढ करणे ही भिन्न कामे आहेत. जुना शब्द नव्या अर्थाने योजणे, अनेक पर्यायांतून एकाची निवड करून त्याला वजन देणे, आणि कारखान्याच्या दारावर तो प्रत्यक्ष लावून घेणे, यांस चळवळच लागते. त्या चळवळीचे कर्तृत्व मान्य करूनही शब्दागणिक जन्मतारीख वेगळी तपासली पाहिजे.

अशा रीतीने नामावलीची भाषा घडली. तिच्यातील चार शब्द येथे उदाहरणादाखल पाहण्यासारखे आहेत.

‘दिग्दर्शक’ म्हणजे दिशा दाखविणारा. शास्त्रीय लेखनात दिग्दर्शन म्हणजे विषयाचे केवळ संक्षिप्त सूचन. विस्तार वाचकाने करावयाचा. हिंदीने ‘निर्देशक’ आणि बंगालीने ‘परिचालक’ हा शब्द पत्करला. आज्ञा करणारा, चालविणारा आणि दिशा दाखविणारा या तीन भिन्न कल्पना आहेत, आणि मराठीची त्यांत सर्वांत सौम्य आहे. शिवाय तो शब्द वाटून घेता येतो : कलादिग्दर्शक, संगीत दिग्दर्शक, नृत्यदिग्दर्शक. कोल्हापूरच्या कारखान्याला ही वाटणी अपरिचित नव्हती. प्रभातमध्ये फत्तेलाल कलेचा व दामले ध्वनीचा विभाग सांभाळीत, आणि पुढे पुण्यास त्या दोघांनी मिळून ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कारखान्यात मात्र ते कोणी दिग्दर्शक नव्हते. एक दामलेमामा, दुसरे साहेबमामा. नाटक मंडळीतील ‘तालीममास्तर’ हा शब्दही याच वळणाचा. एकट्या कलावंताच्या स्वामित्वाचा युरोपीय सिद्धांत या चित्रपटांस लावताना ही वाटणी ध्यानात घ्यावयास हवी.

‘संकलन’ हा दुसरा शब्द. या कामात फीत कापली जाते आणि जोडलीही जाते. कारखान्याने कापण्याला नाव दिले : ‘कट’. नामावलीने जोडण्याला नाव दिले : ‘संकलन’. हिंदी-बंगालीत ‘संपादन’ हा वृत्तपत्राच्या व्यवहारातील शब्द आला; मराठीने तो ग्रंथ-नियतकालिकांसाठी राखून ठेवला आणि येथे निराळा शब्द योजला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संकलित म्हणजे बेरीज व व्यवकलित म्हणजे वजाबाकी. या दृष्टीने मराठी संज्ञा जुळणीचा अर्थ असलेल्या ‘मोंताज’ या फ्रेंच शब्दाला इंग्रजी संज्ञेपेक्षा अधिक जवळची आहे. परंतु रशियन दिग्दर्शक आयझेन्स्टाइन यांचे मत असे होते की, दोन चित्रांच्या सान्निध्यातून निघणारा अर्थ ही त्यांची बेरीज नसून गुणाकार होय. तेव्हा ‘मोंताज’चा अनुवाद सरसकट ‘संकलन’ असा केला तर वादाचा गाभाच हरवतो. संकलन ही क्रिया आणि तिच्यातून निघणारा अर्थ, या दोहोंसाठी वेगळे शब्द लागतील.

‘छायालेखन’ वा ‘छायाचित्रण’ हा तिसरा. पाश्चात्त्य शब्दाचा अर्थ प्रकाशाने लिहिणे. मराठीने छायेने लिहिले. ‘सिंहगड’च्या निर्मितीत बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा अवलंब केला, ही भारतीय चित्रपटातील आरंभीची घटना मानली जाते. दिव्यांच्या उजेडात काम करताना चित्रकाराला प्रथम जाणवते ती सावलीच. हा संबंध हेतुपूर्वक साधलेला नसेलही. परंतु चित्रकारांच्या हातून वाढलेल्या या कलेला ‘छाया’ हा शब्द शोभून दिसतो. हंस पिक्चर्सच्या पहिल्या चित्रपटाचे नावही ‘छाया’ (१९३६) असेच आहे, वि. स. खांडेकर यांनी लिहिलेली ती पहिली चित्रकथा. खांडेकरांसारखा मान्यवर साहित्यिक चित्रपटासाठी लिहू लागल्यावर लेखनाच्या कामाचीही विभागणी झाली. कथा, पटकथा व संवाद या तीन शब्दांनी एकाच हस्तलिखिताचे तीन हक्क निर्माण केले. ‘पटकथा’ म्हणजे पटासाठी पुन्हा मांडलेली कथा. साहित्यिकाची कथा आणि कारखान्याची पटकथा यांतील सीमारेषा या शब्दाने आखली.

चौथा शब्द ‘पार्श्व’. संस्कृतात पार्श्व म्हणजे कूस, बाजू. मराठीत ‘पार्श्वभूमी’ या शब्दाने त्याला मागच्या बाजूचा अर्थ आला आणि त्यावरून पार्श्वसंगीत व पार्श्वगायन हे शब्द झाले. आरंभीच्या बोलपटात नट स्वतः गात असे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गाणारा आणि ओठ हलविणारा यांची फारकत केली, आणि कालांतराने पार्श्वगायन हा स्वतंत्र व्यवसाय झाला. ज्या गायिकेचे नाव त्याच्याशी सर्वाधिक जोडले गेले त्या लता मंगेशकर १९४२ नंतर काही वर्षे मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये नटी म्हणून काम करीत होत्या. पडद्यावरून पार्श्वात गेलेला आवाज पुढे पडद्यावरील चेहऱ्याहून अधिक प्रसिद्ध झाला. संज्ञेने ज्याला मागे ठेवले त्याला प्रेक्षकांनी पुढे आणले.

६

शासनाने चित्रपटाला दिलेली नावे या सर्वांहून भिन्न आहेत. मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये ज्या कराचा कायदा झाला त्याला मराठीत ‘करमणूक कर’ म्हटले गेले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात तो विलीन होईपर्यंत हे नाव टिकले. कारखाना ज्याला कला म्हणत होता त्याला तिजोरी करमणूक म्हणत होती. तपासणीच्या बाबतीतही हेच घडले. १९१८ च्या कायद्यान्वये चित्रपटांची पूर्वतपासणी सुरू झाली. मराठी शासनव्यवहारात त्यासाठी ‘परिनिरीक्षण’ हा शब्द आला आणि नाट्यप्रयोगांच्या मंडळाच्या नावात तो स्थिर झाला. केंद्रीय मंडळाने १९८३ मध्ये स्वतःच्या नावातील ‘सेन्सॉर’ काढून ‘प्रमाणन’ हा शब्द स्वीकारला. लोकांच्या तोंडी मात्र ‘सेन्सॉर’च राहिला, किंबहुना चित्रपट ‘सेन्सॉर झाला’ असे क्रियापदही त्याने घडविले. संज्ञा सौम्य केल्याने अधिकार सौम्य होतो असे लोकांस वाटले नाही, एवढाच याचा अर्थ.

प्रेक्षकाची भाषा सर्वांत कमी नोंदली गेली आहे. तो ‘चित्रपटगृहात’ जात नाही, ‘थेटरात’ जातो. जत्रेच्या दिवसांत ‘तंबूत’ जातो. त्याच्या लेखी प्रयोग हा ‘खेळ’ असतो. चित्रपट ‘लागतो’, ‘चालतो’ किंवा ‘पडतो’, आणि अपुरा राहिला तर ‘डब्यात जातो’. यांतील ‘खेळ’ आणि ‘पडणे’ हे शब्द नाटकाच्या व्यवहारातून सरळ आले आहेत. दिग्दर्शक, संकलक हे शब्द जेव्हा नव्याने बसविले जात होते, तेव्हा प्रेक्षकाने नवे काही न घडविता जुनेच शब्द पुढे चालविले. नाटक आणि चित्रपट यांत समीक्षकांनी जी दरी मानली ती प्रेक्षकांनी मानली नाही, याचा हा भाषिक पुरावा होय.

‘पट’ या पदाने मात्र या सर्व भाषांना जोडले. बोलपट व मूकपट यांच्या पाठोपाठ लघुपट, वृत्तपट, अनुबोधपट, माहितीपट, चरित्रपट हे शब्द सहज तयार झाले. ‘संतपट’ व ‘तमाशापट’ हे तर मराठी चित्रपटाचे खास प्रकार. त्यांस इंग्रजी प्रतिशब्दच नाही. दिनकर द. पाटील यांनी कोल्हापुरात दिग्दर्शित केलेला ‘जय मल्हार’ (१९४७) आणि अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) यांनी ज्या परंपरेला बळ दिले, तिला ‘तमाशापट’ म्हणताना मराठी समीक्षेने एक प्रकार प्रथम ओळखला आणि मग त्याला नाव दिले. परिभाषा येथे अनुवाद न राहता स्वतंत्र विचार झाली आहे.

माध्यमांची नावे अर्थ कसा पालटतात याचे एक उदाहरण कोल्हापुरातच मिळते. कोल्हापूर सिनेटोनने भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली १९३४ मध्ये ‘आकाशवाणी’ नावाचा बोलपट काढला. तेव्हा या शब्दाचा अर्थ पुराणांतील अशरीरिणी वाणी एवढाच होता. पुढे म्हैसूरच्या नभोवाणी केंद्राने तो शब्द स्वीकारला आणि १९५० नंतरच्या दशकात अखिल भारतीय प्रसारणसंस्थेचे ते नाव झाले. मराठीने स्वतंत्रपणे घडविलेला ‘नभोवाणी’ हा सामान्यनाम म्हणून काही काळ टिकला. ‘नभोनाट्य’ व ‘श्रुतिका’ ही त्या काळची अपत्ये. १९३४ च्या त्या शीर्षकात आज कोणी रेडिओ शोधू लागला तर ती चूक शब्दाची नसून कालभान सुटलेल्या वाचनाची ठरेल.

७

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. परिभाषा ठरविण्याचे काम कारखान्याच्या दारावरून समित्यांच्या मेजावर आले. समित्यांचे कार्य मोलाचे आहे. एका संज्ञेला एकच अर्थ असावा ही शास्त्राची न्याय्य मागणी आहे. पण इतिहासाची मागणी याच्या उलट आहे. एका संज्ञेला कोणकोणते अर्थ होते आणि एका कामाला कोणकोणती नावे होती, हे त्याला पाहिजे असते. तेव्हा चित्रपटाच्या अभ्यासकाने दोन नोंदी निराळ्या ठेवणे इष्ट : एक स्वतःच्या विवेचनाची, जिच्यात शब्द निश्चित असावेत, दुसरी साधनांची, जिच्यात ‘थेटर’, ‘रीळ’, ‘कट’, ‘तालीममास्तर’ हे शब्द जसेच्या तसे राहावेत.

हा आग्रह केवळ काटेकोरपणासाठी नाही. बाबूराव पेंटर पुढे ‘कलामहर्षी’ झाले, शांताराम ‘चित्रपती’ आणि भालजी ‘चित्रतपस्वी’. हे गौरव यथार्थ आहेत. परंतु ‘कलामहर्षी’ म्हटले की आश्रम डोळ्यांपुढे येतो. ‘मेस्त्री’ म्हटले की लेथवर बसविलेला कॅमेरा दिसतो. नामावलीच्या संस्कृत शब्दांनी चित्रव्यवसायाला समाजात मान मिळवून दिला. त्याची किंमत म्हणून त्या व्यवसायाचे हातकाम, त्यातील स्त्रियांचे भांडवल आणि साहेबमामांसारख्या संबोधनांत व्यक्त होणारे कारखान्याचे सहजीवन पडद्याआड गेले. केवळ नामावली वाचून लिहिलेला इतिहास मोजक्या थोर पुरुषांचा होतो. कारखान्याची भाषा त्याच्या जोडीला ठेवली म्हणजे सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाले, वादक यांचा पत्ता लागतो.

जे चित्रपट नष्ट झाले ते परत मिळणार नाहीत. त्यांच्याविषयी बोलणारे शब्द मात्र भित्तिपत्रकांत, पुस्तिकांत, हिशेबाच्या वह्यांत आणि जुन्या कामगारांच्या घरच्या बोलण्यात अद्याप विखुरलेले आहेत. ‘रील’ हा शब्द आज मोबाईलवरील काही सेकंदांच्या चित्रफितीसाठी वापरला जातो; डब्यातले रीळ ज्यांनी हाताने गुंडाळले त्यांची पिढी संपली, आणि तो जुना अर्थ आणखी एका पिढीने कोशातच शोधावा लागेल. चित्रपट-परिभाषेचा मराठी कोश ज्या वेळी इतिहासाच्या पायावर रचला जाईल, त्या वेळी त्यात प्रत्येक शब्दापुढे इंग्रजी प्रतिशब्दाच्या आधी आणखी तीन गोष्टी असाव्यात : तो प्रथम कोठे आढळतो, तो कोणाच्या तोंडचा, आणि त्याने कोणता शब्द मागे सारला. कोल्हापूर हे त्या कामाचे स्वाभाविक क्षेत्र होय. कारण मराठी चित्रपटाचे पहिले यंत्र येथे घडले आणि त्या यंत्राभोवतीची मराठीही येथेच घडली.